परागनलिका आणि कॅल्शियमचा निरोप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात बारावीच्या मुलांना बॉटनी शिकवते. परागकण उगवायचं प्रॅक्टिकल झालं की दरवर्षी तेच तेच प्रश्न येतात आणि आमच्या सोसायटीच्या गच्चीवर बाग सुरू झाल्यापासून तर शेजारच्या काकूंचेही येतात, तेही जवळपास याच विषयावरचे, फक्त ते दुधीपासून सुरू होतात. म्हणून सगळे एकत्र लिहून काढलेत. सलग वाचलंत तर जास्त कळेल पण ज्याला जे हवं ते वाचा.

कॅल्शियम म्हणजे हाडांचं ना? फुलाचा आणि त्याचा काय संबंध?

झाडात कॅल्शियम दोन कामं करतं. पहिलं काम बांधकामाचं, म्हणजे पेशीच्या भिंतीत पेक्टिनच्या साखळ्या असतात त्या एकमेकींना धरून ठेवायचं. दुसरं काम निरोप्याचं. या पानावर बहुतेक सगळं त्या दुसऱ्या कामाबद्दल आहे कारण फुलात परागकण पडल्यापासून बी धरेपर्यंत जवळपास प्रत्येक टप्प्यावर कॅल्शियमचा निरोप जातो, आणि तो चुकला किंवा वेळेवर आला नाही तर बी धरत नाही.

निरोप म्हणजे नेमकं काय? कॅल्शियम काय बोलतं का?

बोलत नाही, आत घुसतं. पेशीच्या आतल्या द्रवात मोकळं कॅल्शियम अगदीच कमी ठेवलेलं असतं, साधारण १०० नॅनोमोलर. बाहेर पेशीभित्तिकेत मात्र ते मिलिमोलरच्या घरात असतं, म्हणजे जवळजवळ दहा हजार पट. सकाळी ठाण्याला फास्ट लोकल लागली आणि दरवाजा मोकळा झाला की प्लॅटफॉर्मवरची गर्दी कोणी न ढकलता आपोआप आत जाते ना, तसंच आहे हे. पेशीच्या पडद्यातलं एखादं चॅनेल क्षणभर उघडलं तरी त्या जागी आतलं कॅल्शियम एकदम दहा-वीस पट वाढतं. चॅनेल बंद झालं की पंप ते उचलून परत बाहेर टाकतात. ही जी अचानक वाढ आणि उतार असतो तोच सिग्नल.

पण आत इतकं कमी ठेवायची गरजच काय?

हा प्रश्न मला फार आवडतो. पेशीचा सगळा ऊर्जेचा व्यवहार फॉस्फेटवर चालतो, एटीपी म्हणजे शेवटी फॉस्फेटच. कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर प्रमाणात एकत्र आले की त्यांचा न विरघळणारा साका होतो. म्हणजे कॅल्शियम आत साठू दिलं तर पेशी मरेल. म्हणून पेशी सतत पंप चालवून ते बाहेर आणि आतल्या कोठारांत टाकत राहते. आणि जीव वाचवायला म्हणून ठेवलेल्या या रिकाम्या जागेचाच पुढे निरोपासाठी वापर झाला.

निरोप आला हे पेशीत कोणाला कळतं?

कॅल्शियम पकडणारी प्रथिनं असतात त्यांना. कॅल्मोड्युलिन हे सगळ्यात माहितीतलं, ते आपल्यातही आहे. झाडांकडे अजून एक खास कुटुंब आहे, कॅल्शियमवर चालणारे प्रोटीन कायनेज (म्हणजे दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट लावणारी एन्झाइमं), अरॅबिडोप्सिस नावाच्या मोहरीच्या कुळातल्या छोट्या झाडात असे ३४ आहेत. प्राण्यांत ही जात नाही, पण मलेरियाच्या परजीवीत आहे. कॅल्शियम चिकटलं की या प्रथिनांचा आकार बदलतो आणि ती पुढच्या कामाला लागतात.

परागकण कुक्षीवर पडला की लगेच उगवतो का?

लगेच नाही. परागकण कोरडा असतो, आधी कुक्षीवरून, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकावरून, पाणी घेऊन फुगतो. मग ज्या जागेतून नलिका बाहेर येणार तिथे कॅल्शियम वाढतं आणि त्या जागेवरून परागनलिका, म्हणजे नर पेशींना बीजांडापर्यंत नेणारी बारीक नळी, बाहेर येते. मोहरीच्या कुळात तर कुक्षीवरच्या पेशी स्वतःचं कॅल्शियम बाहेर काढून त्या कणाला देतात, म्हणजे आलेल्या पाहुण्याला आधी पाणी आणि मग हे. कण नको असेल तर काय करतात ते खाली लिहिलंय.

प्रॅक्टिकलला आमच्या स्लाइडवर परागकण उगवले नाहीत, बाजूच्या ग्रुपचे उगवले. द्रावण तर एकाच बाटलीतलं होतं. असं का?

ही तक्रार दरवर्षी येते आणि दरवर्षी मला १९६३ ची गोष्ट सांगायला मिळते. परागकण स्लाइडवर खूप दाटीने टाकले तर उगवतात आणि थोडेच विखरून टाकले तर उगवत नाहीत, हे लोकांनी आधीपासून पाहिलं होतं. जेम्स ब्रूबेकर आणि बेयुंग क्वाक या दोघांनी मग शोध लावला की ही गर्दीची जादू म्हणजे कॅल्शियम आहे. दाट कण असले की प्रत्येकातून थोडं थोडं कॅल्शियम द्रावणात उतरतं आणि सगळ्यांचं मिळून भागतं, एकटा कण असला की त्याच्याकडचं पाण्यात पसरून जातं आणि तो उपाशी. द्रावणात वरून कॅल्शियम घातलं की एकटा कणही उगवतो.

माझ्या स्वतःच्या बाबतीत हे झालंय. शिकवायला लागले त्या पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलच्या आदल्या संध्याकाळी मी द्रावण बनवलं आणि कॅल्शियम नायट्रेट घालायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी चोवीस स्लाइडपैकी चार-पाचच स्लाइडवर काही दिसलं आणि त्या सगळ्या स्लाइड अशा मुलांच्या होत्या ज्यांनी परागकोश अख्खा दाबून कणांचा ढीग केला होता. ज्या मुलीने अगदी नीट, सुईच्या टोकाने, मोजके कण ठेवले होते तिची स्लाइड पूर्ण रिकामी. ती रडवेली झाली होती आणि चूक माझी होती. मी तिला सांगितलं आणि मग सगळ्यांना बसवून हीच १९६३ ची गोष्ट सांगितली, त्यामुळे तो तास वाया गेला नाही, पण तेव्हापासून मी बाटलीवर पाचही रसायनांची नावं लिहून एकेकापुढे टिक करते.

ते द्रावण नक्की कसं बनवायचं?

१०० मिली डिस्टिल्ड पाण्यात साखर १० ग्रॅम, बोरिक अ‍ॅसिड १० मिलिग्रॅम, कॅल्शियम नायट्रेट ३० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट २० मिलिग्रॅम आणि पोटॅशियम नायट्रेट १० मिलिग्रॅम. हे त्याच दोघांचं मिश्रण आहे आणि जगभर अजून वापरतात. साखर कशाला, तर नुसत्या पाण्यात कण फुगून फुटतो. बोरॉन भिंतीच्या बांधणीसाठी. साखरेचं प्रमाण झाडानुसार बदलावं लागतं, सदाफुलीला १० टक्के चालतं.

परागनलिका वाढते म्हणजे बाकी पेशींसारखी विभाजन होऊन?

नाही नाही, हे नीट समजून घ्या. ती एकच पेशी आहे आणि फक्त टोकाला लांब होते. पावसाळ्यात उपवन तलावावर भाजलेलं कणीस खाताना त्याचे केस बघा. प्रत्येक केस म्हणजे एकेका दाण्याचा कुक्षीवृंत. त्या केसावर कुठेतरी परागकण पडला आणि त्याची नलिका त्या केसातून पार आतपर्यंत, वीस-तीस सेंटिमीटर, साधारण एका दिवसात गेली म्हणून तो दाणा भरला. ताशी सेंटिमीटरच्या आसपास वेग आहे हा, आणि एका पेशीचा! कणसात मध्येमध्ये दाणे नसलेल्या जागा दिसतात ना, पोपटाने खाल्लेल्या नव्हे, मुळातच न भरलेल्या, बऱ्याचदा तिथली नलिका पोचलेली नसते किंवा कणच पडलेला नसतो.

मग वाढताना कॅल्शियम काय करतं?

इथे जरा थांबून वाचा, कारण सगळ्यात जास्त गंमत इथेच आहे. वाढत्या नलिकेच्या अगदी टोकाला कॅल्शियम जास्त असतं, मायक्रोमोलरच्या वर (म्हणजे नेहमीच्या दहा पटीहून जास्त), आणि काही मायक्रोमीटर मागे गेलं की उतरून परत नेहमीच्या पातळीला. म्हणजे टोकाकडे चढत जाणारा उतार. हा उतार काढून टाकला की वाढ थांबते, नलिका जिवंत असली तरी.

आणि हा उतार स्थिर नसतो, तो धडधडतो. लिलीच्या नलिकेत साधारण १५ ते ५० सेकंदांनी एक ठोका. नलिकाही एकसारखी वाढत नाही, ती जोरात वाढते, मंदावते, परत जोरात वाढते, आणि दोन्हीचा ताल एकच असतो. आता कोणालाही वाटेल की आधी कॅल्शियम वाढत असेल आणि मग वाढ होत असेल. मोजलं तर उलटं निघालं, आधी वाढीचा जोर येतो आणि काही सेकंदांनी कॅल्शियमचा. म्हणून त्याला नुसता अ‍ॅक्सिलरेटर म्हणता येत नाही. यावर अजून वाद चालू आहेत. मला स्वतःला असं वाटतं की वाढ आणि कॅल्शियम एकमेकांना धरून चालतात, एक पाऊल याचं एक त्याचं, त्यामुळे पहिला कोण हे विचारण्यापेक्षा दोघांतला ताल कशाने टिकतो हे विचारलेलं बरं.

टोकाला जास्त कॅल्शियम असल्याने तिथले पेशीच्या आतल्या सांगाड्यातले अ‍ॅक्टिनचे धागे मोकळे होतात आणि आतून आलेल्या बांधकामाच्या पिशव्या पडद्याला येऊन मिळू शकतात. त्या पिशव्यांत नवीन भिंतीचं पेक्टिन असतं, अजून मऊ. बाहेर आल्यावर एक एन्झाइम त्याच्यावरचे मिथाइल गट काढतं आणि मग भिंतीतलं कॅल्शियम त्या साखळ्या बांधून टाकतं. म्हणून टोक मऊ राहतं आणि कडा कडक होतात आणि नलिका रुंद न होता पुढे सरकते. बाहेर कॅल्शियम कमी पडलं तर टोक फुटतं, फार झालं तर भिंत आवळून नलिका थांबते. भाकरी थापतो तसं, हात मध्यावर वेगळा आणि कडेला वेगळा पडतो.

आत येणारं कॅल्शियम कुठल्या दारातून येतं?

बरीच दारं सापडलीत. अरॅबिडोप्सिसमध्ये सीएनजीसी १८ नावाचं चॅनेल टोकाच्या पडद्यात असतं, ते नसेल तर नलिका नीट वाढतच नाही आणि नर बाजूने वारसा पुढे जात नाही. दुसरं म्हणजे ग्लुटामेट रिसेप्टरसारखी चॅनेल्स. हे नाव मेंदूच्या धड्यात वाचलं असेल तर बरोबर, आपल्या मेंदूतल्या चॅनेल्सचे हे नातलग आहेत. २०११ मध्ये दाखवलं गेलं की डी-सेरीन नावाचं अमिनो आम्ल परागनलिकेतली ही चॅनेल्स उघडतं, आणि आपल्या मेंदूतही डी-सेरीन अशाच कामाला येतं. डी-सेरीन बनवणारी यंत्रणा स्त्रीकेसरात सापडली. म्हणजे मादी बाजू नलिकेच्या कॅल्शियमवर हात ठेवून आहे.

नलिकेला बीजांड कुठे आहे ते कसं कळतं?

बीजांडाकडून खुणा येतात. पुस्तकात साहाय्यक पेशी वाचता ना, अंडपेशीच्या दोन बाजूंच्या, त्या खुणा सोडतात. हे सगळं तोरेनियाने शिकवलं, आपल्या नर्सरीत लटकत्या कुंडीत मिळतं ते निळं-जांभळं फूल. त्याचा भ्रूणकोश, म्हणजे अंडपेशी आणि साहाय्यक पेशी असलेली पिशवी, बीजांडाच्या बाहेर डोकावतो, त्यामुळे जिवंतपणी बघता येतो. जपानच्या तेत्सुया हिगाशियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेसरने एकेक पेशी मारून बघितली आणि २००१ मध्ये सांगितलं की नलिकेला ओढणाऱ्या साहाय्यक पेशीच आहेत. मग २००९ मध्ये त्या सोडत असलेली छोटी प्रथिनं सापडली, त्यांना ल्युअर म्हणतात.

कॅल्शियम इथे वळणावर येतं. १९९६ मध्ये अ‍ॅगापॅन्थसच्या नलिकेवर प्रयोग झाला, टोकाच्या एकाच बाजूला कॅल्शियम मोकळं केलं आणि नलिका त्या बाजूला वळली. म्हणजे टोकात कॅल्शियम मध्यावरून थोडं सरकलं की दिशा बदलते, स्टिअरिंगसारखं.

पोचल्यावर नलिका फुटते असं पुस्तकात आहे. तिला थांबायचं कसं कळतं?

हा भाग अभ्यासक्रमात एका ओळीत संपतो आणि मला दरवर्षी वाईट वाटतं कारण इथे खरोखर दोन पेशींचं बोलणं चालतं.

नलिका येऊन साहाय्यक पेशीला टेकली की साहाय्यक पेशींमध्ये कॅल्शियम वर-खाली व्हायला लागतं. हे ठोके चालू करायला साहाय्यक पेशीच्या पडद्यावर फेरोनिया नावाचं प्रथिन लागतं, प्राचीन इटलीतल्या सुफलतेच्या देवतेचं नाव दिलंय त्याला. त्याच्या जोडीला लोरेलाय आणि नोर्टिया अशी अजून दोन आहेत. २०२२ मध्ये कळलं की नोर्टिया स्वतःच कॅल्शियम आत सोडणारं दार आहे. फेरोनिया बिघडलेल्या झाडात नलिका बरोबर दारापर्यंत येते, आत शिरते, आणि फुटतच नाही, भ्रूणकोशात वेटोळी घालत वाढत राहते. पत्ता बरोबर, घर बरोबर, पण आत कोणी सांगितलंच नाही की पोचलास, आता थांब.

सगळं नीट असेल तर नलिका फुटते, दोन पुंयुग्मक, म्हणजे नर पेशी, बाहेर येतात आणि ज्या साहाय्यक पेशीत ती शिरली ती पेशीही मरते. नलिकेच्या बाजूनेही कॅल्शियम ताब्यात असावं लागतं. एसीए ९ हा नलिकेतला पंप, तो नसलेल्या झाडांत नलिका हळू वाढते आणि पोचलेल्यातल्याही बऱ्याच न फुटता अडकतात. म्हणजे निरोप आत येणं जेवढं गरजेचं तेवढंच तो पुसणंही, कारण कॅल्शियम कायम चढलेलंच राहिलं तर नवीन निरोप ऐकू येणार कसा.

द्विफलनात कॅल्शियम कुठे येतं?

द्विफलन १८९८ मध्ये सर्गेई नवाशिन यांनी लिलीत पाहिलं, एक पुंयुग्मक अंडपेशीला आणि दुसरा मध्यवर्ती पेशीला मिळतो, पहिल्यापासून भ्रूण आणि दुसऱ्यापासून भ्रूणपोष. एवढं तर तुम्हाला पाठ असतं. अंडपेशीत कॅल्शियम चढतं हे आधी मक्याच्या पेशी बाहेर काढून, काचेच्या भांड्यात एकत्र आणून १९९७ मध्ये फ्रान्समध्ये दाखवलं. जिवंत फुलाच्या आत बघायला २०१४ उजाडलं. अरॅबिडोप्सिसमध्ये अंडपेशीत दोन ठोके दिसले, पहिला नलिका फुटली तेव्हा आणि दुसरा पुंयुग्मक खरोखर मिळाला तेव्हा. मध्यवर्ती पेशीत एकच, फुटण्याच्या वेळचा.

प्राण्यांतही असंच होतं ना?

हो, मासा, बेडूक, उंदीर, माणूस, शुक्राणू आत गेला की अंड्यात कॅल्शियम उसळतं. आपल्यात ते पुढे बराच वेळ परत परत उसळत राहतं. झाडातलं थोडक्यात आटपतं.

खसखशीच्या कुळात स्वतःचाच पराग चालत नाही म्हणतात, तिथेही कॅल्शियम?

हो, आणि तिथे ते मारायच्या कामाला येतं. शेतातली लाल पॉपी, आपल्या खसखशीची बहीण, तिच्या कुक्षीवर स्वतःचाच परागकण पडला तर कुक्षीतलं एक प्रथिन परागातल्या जोडीदार प्रथिनाला ओळखतं. परागात लगेच कॅल्शियम चढतं, पण या वेळी टोकाच्या उतारासारखं बांधलेलं नाही, भलत्याच जागी. मिनिटभरातच अ‍ॅक्टिनचे धागे तुटायला लागतात, वाढ थांबते आणि पुढे त्या पेशीचा ठरवून मृत्यू. मोहरीच्या कुळात मात्र नकोसा कण आला की कॅल्शियम परागात नाही तर कुक्षीच्या पेशीत चढतं आणि ती कणाला पाणीच देत नाही. एकच कॅल्शियम, एकीकडे वाढ, एकीकडे मृत्यू, एकीकडे दार बंद. मुलं विचारतात मग कॅल्शियमचा अर्थ काय, तर एकट्याचा अर्थ काहीच नाही, कुठल्या पेशीत, कुठल्या कोपऱ्यात, किती वेळ आणि कितीदा यावर अर्थ ठरतो.

हे सगळं दिसतं कसं? कॅल्शियमला रंग असतो का?

नसतो. १९६२ मध्ये ओसामू शिमोमुरा यांनी एका जेलीफिशमधून एक्वोरिन नावाचं प्रथिन काढलं, ते कॅल्शियम मिळालं की उजेड देतं. त्याच जेलीफिशच्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनासाठी त्यांना २००८ चं नोबेल मिळालं, मार्टिन चॅल्फी आणि रॉजर त्सिएन यांच्यासोबत. त्सिएन यांच्या प्रयोगशाळेत १९९७ मध्ये कॅमेलियन नावाचं प्रथिन बनवलं गेलं, कॅल्शियम चिकटलं की त्याच्या प्रकाशाचा रंग बदलतो. झाडाच्या जनुकांत ते टाकलं की पेशी स्वतःच सांगते कुठे कॅल्शियम वाढलं. वर २०१४ चं जे लिहिलंय ते अशाच प्रथिनांमुळे शक्य झालं.

भारतात यावर काम झालंय का?

फुलांच्या भ्रूणशास्त्रात दिल्ली विद्यापीठाचं नाव फार मोठं आहे. पंचानन माहेश्वरी यांच्या विभागात १९६२ मध्ये खसखशीची बीजांडं काढून टेस्ट ट्यूबमध्ये ठेवली, त्यांच्यावर परागकण टाकले आणि तिथेच फलन होऊन बी तयार झालं. हे माणसाच्या टेस्ट ट्यूब बेबीच्या सोळा वर्षं आधीचं आहे. पाठ्यपुस्तकात माहेश्वरींचा फोटो असतो, तो बघून पान उलटू नका.

गच्चीवरच्या दुधीला छोटी फळं धरतात आणि पिवळी पडून गळतात. अंड्याची टरफलं घालू का?

हा काकूंचा प्रश्न. आधी एवढं बघा की ती फळं फलन झालेली आहेत का. मादी फुलामागे छोटा दुधी आधीपासूनच असतो, परागकण मिळाला नाही की तो दोन-चार दिवसांत पिवळा पडून गळतो. दुधीचं फूल पांढरं, संध्याकाळी उमलतं आणि त्या वेळी येणारे पतंग बाराव्या मजल्यावर येतीलच असं नाही. आमच्याकडे काकू आता साडेसातला मोबाइलचा टॉर्च लावून वर जातात, नर फूल देठासकट तोडून पाकळ्या मागे करतात आणि मादी फुलाच्या कुक्षीवर हलकेच फिरवतात. एक नर फूल दोन मादी फुलांना पुरतं. लाल भोपळा मात्र पहाटे उमलतो आणि दहापर्यंत मिटतो, त्याला सकाळी उठावं लागतं.

टरफलांचं म्हणाल तर ती कॅल्शियम कार्बोनेट असतात, खूप सावकाश विरघळतात, घातल्याने नुकसान नाही पण या आठवड्याच्या फुलाला त्यांचा उपयोग नाही. आणि मुळात वर जे वाचलंत ते निरोपाचं कॅल्शियम झाड स्वतः चिमूटभर वापरतं, आपण जास्त ओतलं म्हणून निरोप जास्त जात नाहीत. कोकोपीटवर बाग असेल तर मात्र लक्ष द्या, न धुतलेल्या कोकोपीटमध्ये सोडियम-पोटॅशियम जास्त असतं आणि ते कॅल्शियम स्वतःकडे धरून ठेवतं, म्हणून चांगलं कोकोपीट कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवून तयार केलेलं असतं.

टोमॅटोचं बूड काळं पडतं ते कॅल्शियमचंच ना?

हो, पण तो फलनाचा प्रश्न नाही, बांधकामाचा आहे. कॅल्शियम मुळांतून पाण्याबरोबर वर जातं आणि जिथून जास्त पाणी उडतं तिकडे म्हणजे पानांकडे जास्त जातं. फळातून पाणी कमी उडतं म्हणून त्याच्या वाट्याला कमी येतं. दोन दिवस कुंडी कोरडी आणि तिसऱ्या दिवशी बादलीभर पाणी असं केलं की हमखास होतं. पाणी रोज सारखं द्या, आधी ते करून बघा.

पावसात फळधारणा कमी का होते?

बरीच कारणं आहेत, मधमाशा बाहेर पडत नाहीत हे मोठं. पण स्लाइडवर बघितलंय ना, साध्या पाण्यात परागकण फुगून फुटतो. कुक्षीवर साखर, बोरॉन, कॅल्शियम सगळं मोजून ठेवलेलं असतं आणि पाऊस ते धुऊन टाकतो. कोकणात आंब्याच्या मोहरावर अवेळी पाऊस आला की बागायतदारांच्या पोटात गोळा येतो त्याच्या मागे एक कारण हेही आहे.

आणि उन्हाळ्यात?

उष्णतेने परागकण तयार होतानाच बिघडतात. अरॅबिडोप्सिसमध्ये सीएनजीसी १६ नावाचं चॅनेल नसलेलं झाड नेहमीच्या हवेत ठीक असतं पण उष्णता आणि कोरड्या हवेत त्याचे परागकण टिकत नाहीत, म्हणजे ताण सोसण्यातही या दारांचा हात आहे. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी गच्चीवर हिरवं नेट लावा.

परीक्षेत यातलं किती येतं?

फार कमी. परागनलिका, द्विफलन, साहाय्यक पेशींचं काम एवढं पक्कं करा. बाकी समजून घेण्यासाठी.

घरी बघता येईल का?

कॅल्शियम नाही दिसणार, पण नलिका वाढताना नक्की दिसेल. शाळेचा साधा मायक्रोस्कोप १०० पट मोठं दाखवत असेल तर पुरतो, कागदी फोल्डस्कोपही १४० पट दाखवतो. सदाफुली आपल्याकडे बारा महिने असते, कुठल्याही बिल्डिंगच्या कंपाउंडला मिळेल. सकाळी उमललेलं ताजं फूल घ्या, आदल्या दिवशीचं नको. तिचे परागकोश वरून दिसत नाहीत, पाकळ्यांखालच्या बारीक नळीच्या तोंडाशी आत लपलेले असतात, म्हणून नळी नखाने उभी चिरा. आत पाच परागकोश आणि त्यांच्या खाली हिरवट डोकं दिसेल, ते कुक्षीचं. सुईने थोडे कण स्लाइडवरच्या द्रावणाच्या थेंबात सोडा. स्लाइड कोरडी पडू नये म्हणून डबीत ओला टिश्यू ठेवून झाकण लावा. अर्ध्या तासात छोटी शेपटी दिसायला लागते, तासाभरात ती कणापेक्षा कितीतरी लांब होते.

एक थेंब कॅल्शियम नायट्रेट घातलेल्या द्रावणाचा आणि शेजारी एक न घातलेल्याचा ठेवा, दोन्हीत मोजकेच कण. गेल्या वर्षी एका मुलाने दर पाच मिनिटांनी एकाच नलिकेची लांबी वहीत लिहिली, चाळीस मिनिटं, मधली सुट्टी सोडून. त्याचे आकडे एकसारखे वाढत नव्हते, कधी जास्त कधी कमी, आणि आपलं मोजायला चुकतंय असं वाटून तो ते खोडायला लागला होता. मी म्हटलं खोडू नको. पाच मिनिटांच्या अंतराने सेकंदांचा ठोका पकडता येत नाही हे मी त्याला सांगितलं. मग तो दुसऱ्या दिवशी मोबाइलचा कॅमेरा आयपीसला लावायचं स्टँड घेऊन आला आणि सेकंदाला एक फोटो असं लावून बसला.